फळीची जीप

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका डोंगराच्या खांद्यावर आहे. खालच्या डांबरी रस्त्यापासून वर यायला साडेपाच किलोमीटर. आधी तांबड्या मातीची चढण, मधे दोन ओढे आणि शेवटी जांभ्याचा उघडा सडा. उन्हाळ्यात ही वाट कुणालाही आवडेल. करवंदं, जांभळं, वारा. पण कोयनेचा पाऊस ज्यानं पाहिला त्याला पुढचं सांगायला नको. कोयनानगर, नवजा या अंगाला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मृग बरसला की त्या चढणीचं लोणी होतं, आणि दसऱ्यापर्यंत आमची वाडी जगापासून सुटी होते.

अशा गावात आजारी माणूस खाली न्यायचा तर डोलीतून. एक बांबू, एक घोंगडं, चार खांदे आणि बदलीला आणखी चार. मी मिसरूड फुटल्यापासून डोलीला खांदा दिला. कुणाला पान लागलेलं, कुणाचा ताप डोक्यात गेलेला, कुणी झाडावरून पडलेलं. डोलीत निजलेल्या माणसाला वर आभाळ दिसतं आणि आपल्याला त्याचं कण्हणं ऐकू येतं. बोलायचं काही नसतं. पाय कुठं टाकायचा तेवढं बघायचं.

2005 सालचा जुलै सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. 26 तारखेला मुंबई बुडाली. त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या दादांच्या सुनेचे दिवस भरले. रात्री कळा सुरू झाल्या, पहाटे डोली निघाली. दुसऱ्या ओढ्याला पाणी छातीएवढं होतं. ते उतरायची वाट बघत आम्ही अडीच तास त्या दरडीखाली बसलो. बाळ तिथंच झालं. मुलगा होता. रडला नाही. सून वाचली. यावर जास्त लिहीत नाही, कारण ती हे वाचणार आहे.

त्या दिवाळीनंतर मी घरात सांगितलं, जीप घ्यायची.

मी 1975 साली दहावी झालो आणि शेतीला लागलो. यंत्र म्हणाल तर विहिरीवरचं डिझेल इंजिन आणि सोसायटीच्या ट्रॅक्टरवर केलेली नांगरट, एवढीच ओळख. जीप मात्र लहानपणापासून बघत होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज कंपनीनं ही गाडी काढली, आणि 1947 पासून महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली. आमच्या लहानपणी धरणावरचे साहेब त्यातूनच फिरत. मला परवडण्यासारखी होती ती 540. प्यूजोच्या धाटणीचं 2.1 लिटरचं डिझेल इंजिन, आखूड अंगाची, वळायला सोपी. कराडच्या अलीकडं एका वडापवाल्याकडं 1991 सालची मिळाली. एक म्हैस आणि त्या सालचा भुईमूग तिच्यात गेला. घरची म्हणाली, "दूध देणारी गेली आन् डिझेल पिणारी आली." बोलली, पण गोठ्याची एक बाजू तिनंच झाडून रिकामी करून दिली.

जानेवारी 2006 मध्ये गाडी घरी आली. त्याच वर्षी तिला पंधरा वर्षं पुरी होत होती, म्हणजे नोंदणी पुन्हा करून घ्यायची, त्यासाठी तपासणीला उभी करायची. मृग लागायच्या आत हे सगळं व्हायला हवं होतं. हातात चार-साडेचार महिने.

घरात पोरांच्या डोक्यात वेगळीच गाडी होती. माझ्या धाकट्याला ती उंच करायची होती, मोठे टायर, पुढं लोखंडी गार्ड, वर चार दिवे. दादांचा पोरगा, ज्याचं बाळ गेलं तो, फार बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "काका, हिला मोठं इंजिन बसवू. पळाली पाहिजे." त्याला ती का पळायला हवी होती ते मला कळत होतं. म्हणून मी हो-नाही काहीच म्हणालो नाही. दोघांना गाडीत घालून कराडला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं नेलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नव्हती.

चाचांनी बॉनेट उघडलं नाही. आधी विचारलं, "कशाला पाहिजे?"

मी म्हणालो, "माणूस निजवून खाली आणायचा हाय. पावसात."

ते गाडीच्या मागं गेले, फाळक्यावर पाय ठेवून सगळं अंग टाकलं. गाडी हलली नाही. हसले. म्हणाले, "हिच्यात दहा-बारा माणसं कोंबून वडाप केलंय. पाट्यांत जादा पाटे घातलेत. असल्या गाडीत चांगला माणूस निजवला तर आजारी पडंल. काय लावायचं ते मागनं बघू. आधी लोकांनी काय लावलंय ते काढा."

मग पोरांकडं वळले. मोठ्या इंजिनाचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, उतार हाय तुमचा. आजारी माणूस उताराला जाणार. उताराला गाडी पळवायला इंजिन लागत न्हाई. थांबवायला ब्रेक लागतो."

पोरगा मान खाली घालून उभा राहिला. पण त्या दिवसापासून गाडीखाली सगळ्यात जास्त वेळ तोच झोपला.

काय बदलता येतं आणि काय नाही, हेही चाचांनीच सांगितलं. मोटार वाहन कायद्यात, 1988 सालच्या, 52 वं कलम आहे. नोंदणीच्या पुस्तकात कंपनीनं दिलेलं जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी. चासी कापायची नाही. पुढं 2019 साली सुप्रीम कोर्टानंही हेच धरून निकाल दिला. त्यामुळं आमचं काम एका चौकटीत आलं, आणि ते बरंच झालं. शेतकऱ्याला बांध दिसला की नांगर कुठं वळवायचा ते कळतं.

उंच करण्याचा विचारही चाचांनी एका काडीनं मोडला. जमिनीवर गाडी काढली आणि म्हणाले, पाट्याखाली ठोकळे देऊन गाडी उचलली तर वर जाते ती बॉडी. खाली लोंबणारा डिफ्रन्शियलचा गोळा चाकांच्या आसालाच असतो, तो आहे तिथंच राहतो. दगडाला लागतो तो गोळा. तो उचलायचा तर टायरच मोठा लागतो, आणि टायर मोठा केला की गिअर जड होतो, ब्रेकवर ताण येतो, वळताना टायर पाट्याला घासतो. वर गाडी उंच झाली की आडव्या उताराला कलंडायची भीती वेगळीच. आम्ही कंपनीच्या मापाचेच, 6.00-16 चे, पण जाड गुटक्यांचे टायर घेतले.

गोठ्यात काम सुरू झालं. सामान म्हणजे एक जॅक, पान्यांचा जुना संच, ग्रीस गन, हातोडा आणि डालड्याचे रिकामे डबे. मी एक शंभर पानी वही घातली. जे सोडवलं त्याचं नाव माहीत असलं तर नाव, नाहीतर चित्र, आणि नट-बोल्ट कुठल्या डब्यात ते. चाचांनी एक गोष्ट शपथ घातल्यासारखी सांगितली होती. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. बोटांच्या पेरांकडं बघून ती लक्षात राहिली. आम्ही ऐनाचे चार ओंडके कापले, चासीखाली दिले, खालच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, आणि मगच खाली सरकलो.

पहिले ब्रेक. चारी ड्रम उघडले. लायनर झिजून रिबिटा घासत होत्या. चाकांतले सिलेंडर गळत होते, मास्टर सिलेंडरचं रबर फुगलेलं. सगळं नवं घातलं, पाइप गंजलेले होते तेही बदलले. मग तेल भरून हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा निप्पल सोडायचा. हवा गेली की निप्पल आवळायचा, मगच पेडल सोडायचं. त्या दिवशी पोरं खत भरायला गेली होती. मी गोठ्यातून हाक मारली तर सून आली. पदर खोचून सीटवर बसली. मी खालून म्हणायचो, "दाब." ती दाबायची. "धर." धरायची. "सोड." चारी चाकं होईपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात ती दुसरा एक शब्द बोलली नाही. शेवटी उतरताना म्हणाली, "मामंजी, आता कडक लागतंय." गाडी आल्यापासून ती पहिल्यांदाच तिच्या जवळ आली होती.

मग पाटे. यू-बोल्टना डिझेल पाजून दोन दिवस तसंच ठेवलं तेव्हा ते सुटले. मागच्या दोन्ही बाजूंचे जादा घातलेले दोन-दोन पाटे काढले. उरलेले घासून, मधे ग्रीस भरून, नव्या सेंटर बोल्टनं बांधले. शॅकलची रबरी बुशं नवी, शॉकअप नवे. फाळक्यावर पाय दिला की गाडी आता बसल्या म्हशीसारखी हलायला लागली.

तिसरं काम फोर व्हीलचं. पुढच्या चाकांना ताकद नेणारा जॉइंट आधीच्या मालकानं काढून टाकलेला होता. वडापवाल्यांना तो नकोच असतो, उगीच डिझेल खातो. तो कोल्हापूरला उद्यमनगरात दोन दिवस फिरून जुना मिळाला. क्रॉस नवे घालून बसवला. म्हणजे नवं काही केलं नाही, कंपनीनं दिलेलं परत दिलं.

हे फोर व्हील काय आहे ते पोरांना पटकन कळलं, मला कळायला खळं आठवावं लागलं. मळणीला बैल तिवड्याला बांधले की आतला बैल जागच्या जागी फिरतो, कडेच्या बैलाला पळावं लागतं. गाडी वळताना असंच होतं, आतलं चाक कमी चालतं, बाहेरचं जास्त. डिफ्रन्शियल ही मोकळीक देतं. पण त्याचीच एक लबाडी आहे. एक चाक चिखलात सुटलं की ते सगळी फिरकी त्यालाच देऊन टाकतं, कोरड्यावरचं चाक गप्प उभं राहतं. पुढची दोन चाकं ओढायला लागली तर निदान पुढचा एक बैल तरी जमिनीवर पाय रोवतो. मात्र पुढच्या आणि मागच्या आसामधे या गाडीत अशी मोकळीक नसते. म्हणून डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढून टाकायचं, नाहीतर गिअरांना पीळ बसतो. चिखलात चाकं घसरत असल्यानं तो पीळ आपोआप सुटतो.

ओढ्यासाठी एक छोटं काम केलं, पण सगळ्यात उपयोगी तेच पडलं. आसाच्या हौजिंगवर हवा जाण्यायेण्याची बारीक टोपी असते. चढ-उतारानं तापलेला आस गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. मग आतलं तेल चहासारखं होतं. त्या टोप्यांच्या जागी रबरी नळ्या लावून वर बॉडीच्या आत घेतल्या. खर्च म्हणाल तर शंभर रुपयांच्या आत. आणि पाण्यातून वर आल्यावर पन्नास पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून चालायचं, म्हणजे भिजलेले लायनर सुकतात. पाणी किती उंच चालेल यासाठी ओढ्यातल्या एका खडकावर पांढरी रेघ ओढली. रेघ बुडाली की गाडी थांबणार, कुणी कितीही रडलं तरी. इंजिनानं हवेबरोबर पाणी ओढलं तर आतली दांडीच वाकते.

आता मुख्य काम. आखूड जीपमधे मागं माणूस निजत नाही, जागाच नसते. दोरीनं माप घेतलं. डाव्या बाजूला पुढच्या सीटपासून डॅशबोर्डापर्यंतची जागा धरली तरच पुरुषभर लांबी होते. म्हणून डावी पुढची सीट पटकन निघेल अशी केली. तिचे बोल्ट निघाले की त्याच भोकांत बसणारा एक लोखंडी घोडा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. मागचा आधार डाव्या चाकाच्या पेटीवर. त्यावर फणसाची फळी, दीड फूट रुंद. फळीखाली ट्यूबचं रबर, वर काथ्याची गादी, बांधायला तीन पट्टे. हुडाच्या पायपाला सलाइनची बाटली अडकवायला एक हूक. एरवी फळी गोठ्यात आणि सीट आपल्या जागी. बॉडीला कुठं करवत लागली नाही.

डोकं कुठल्या बाजूला करायचं यावर घरात चार दिवस वाद. उपकेंद्राच्या नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पोटुशी बाई असेल तर डाव्या कुशीवर निजवा. आणि तुमचा सगळा उतार आहे, तर डोकं मागं ठेवा, म्हणजे ते वर राहील. तसं निजवलं तर बाईचं तोंड बाहेरच्या बाजूला होतं. दादांना ते पटेना. "तिला कुणाचं तोंड दिसंल?" घरची म्हणाली, "तोंड न्हाई दिसलं तर न्हाई. उजवीकडच्या बाकड्यावर मी बसीन, पाठीवर हात ठेवीन. कळांत पाठीवर हात लागतो." बायकांनी ठरवलं, आम्ही ऐकलं.

मेमधे तपासणी झाली. ब्रेकची चाचणी गाडी एकदम पास झाली. मग वाटेची चाचणी. फळीवर दादा स्वतः निजले. पहिल्या ओढ्यापर्यंत दर दगडाला मला शिव्या दिल्या. तिथं थांबून टायरांतली हवा काढली, तीसची अठरा पौंडांवर आणली. टायर जरा पसरले, दगड गिळायला लागले. दुसऱ्या ओढ्यापर्यंत दादा गप्प झाले. मला वाटलं त्रास झाला. वळून बघितलं तर डोळे उघडे होते आणि ते त्या दरडीकडं बघत होते. डांबरी रस्ता लागल्यावर पुतण्यानं सायकलच्या पंपानं नाही, चांगल्या पायपंपानं चारी टायर पुन्हा भरले. साडेपाच किलोमीटरला पन्नास मिनिटं लागली. डोलीला कोरड्या वाटेनं दोन तास लागायचे.

2008 च्या ऑगस्टमधे सुनेला पुन्हा दिवस भरले. रात्री अकराला निघालो. पाऊस होता. पुतण्या चालवत होता. लो गिअर, फोर व्हील, माणसाच्या चालीनं. ज्याला मोठं इंजिन हवं होतं त्याच पोरानं त्या रात्री एकदाही गाडी पळवली नाही. दुसऱ्या ओढ्यापाशी मी बॅटरी मारली, खडकावरची पांढरी रेघ पाण्यावर दोन बोटं होती. पार झालो. फळीवरून सुनेचा आवाज आला, "थांबू नका." पहाटे साडेतीनला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. ती रडली. दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा खांबाला टेकून खाली बसले ते उजाडेपर्यंत उठले नाहीत.

वहीच्या मागच्या पानांवर मी फळीवरून गेलेल्यांची नोंद ठेवतो. आजवर 43 माणसं झाली. सगळी परत आली असं नाही. पण वाटेत कुणी गेलं नाही. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका खाली डांबरी रस्त्यावर येऊन उभी राहते, त्यामुळं आमचं काम आता तिथपर्यंतच. चढणीच्या काही भागाला काँक्रीटही झालंय. ओढ्यावर साकव नाही, तोवर फळी गोठ्यात राहणार.

हल्ली पुण्या-मुंबईहून पोरं पावसाळ्यात नव्या गाड्या घेऊन सड्यावर येतात. काहींनी जुन्या जीप घेतलेल्या असतात. मला विचारतात, काका, आधी काय बसवू? मी सांगतो, आधी गाडीखाली झोप. तुझ्या आधीच्या मालकानं काय बसवलंय आणि काय काढलंय ते बघ. ब्रेक उघड. आणि तुझ्या गाडीतून कोण जाणार, कुठल्या वाटेनं, ते ठरव. बाकीचं ती वाट सांगते. ज्याला निव्वळ हौस आहे त्यानंही हौस करावी, मी नाही म्हणत नाही. पण औत जमिनीच्या मगदुरानं जुंपायचं असतं, ते बाजारात बघून आलेल्या औतासारखं दिसलं पाहिजे असं काही नसतं.

चाचा आता नाहीत. पुतण्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. नात बारावीला आहे, ग्रीस गन तिच्या ताब्यात. क्रॉस, शॅकल, स्टिअरिंगचे सांधे, कुठं किती ग्रीस ते वहीत बघावं लागत नाही तिला. मृगाच्या आधी फळी बाहेर काढून उन्हात ठेवतो, तेल लावतो, पट्टे ओढून बघतो. काथ्याची गादी यंदा बसलीय. ती बदलायची आहे.